मुक्त सॉफ्टवेअरचा लेखक वापरकर्त्यांचे नेमके काय देणे लागतो?

अक्षांश (धागाकर्ता):

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्याने वापरकर्त्यांना वर्षानुवर्षे विनामोबदला साहाय्य देत राहावे का, हा वाद जुना आहे आणि तो बहुधा एकाच जागी येऊन अडतो. एक बाजू म्हणते की जे फुकट मिळाले त्याबद्दल तक्रार करण्याचा कोणाला अधिकार नाही. दुसरी म्हणते की लोक विसंबून राहतील असे काही जगापुढे ठेवले की जबाबदारी आपोआप येते. मला पहिली बाजू बरीचशी पटते, परंतु तिच्यातून एक गोष्ट नेहमी निसटते असे वाटते, आणि ती मांडण्यासाठीच हा धागा काढत आहे.

प्रथम साहाय्याविषयी. बगची दुरुस्ती, नव्या सुविधा, शंकांना उत्तरे, जुन्या आवृत्त्यांची देखभाल, यांपैकी काहीही लेखक देणे लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परवान्यांनी याबाबत कधी संदिग्धता ठेवलेली नाही. जीपीएल या प्रसिद्ध मुक्त परवान्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ११ आणि १२ ही दोन कलमे हमी आणि नुकसानभरपाई नाकारण्यासाठीच आहेत, आणि एमआयटीसारख्या चिमुकल्या परवान्यातही त्यासाठी एक अख्खा परिच्छेद राखलेला आहे. याहून बोलके आहे ते जीपीएलचे पहिले कलम: प्रत देणाऱ्याची इच्छा असेल तर तो शुल्क घेऊन हमी देऊ शकतो, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे साहाय्य ही वेगळी, मोबदला घेऊन करण्याची गोष्ट आहे, हे या चळवळीने सुरुवातीपासूनच धरून चालले होते. या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा १९८३ साली केली, आणि १९८९ साली सिग्नस ही कंपनी मुक्त सॉफ्टवेअरला सशुल्क साहाय्य देण्यासाठीच उभी राहिली. त्यामुळे साहाय्याचे पैसे मागणारा लेखक मूळ तत्त्वांपासून ढळला आहे, असा जो सूर अधूनमधून लागतो, त्याला इतिहासाचा आधार नाही.

आता निसटणाऱ्या गोष्टीकडे येतो. लेखक आपले काम एखाद्या पॅकेज रजिस्ट्रीत, म्हणजे तयार कोडच्या सार्वजनिक भांडारात, ठेवतो तेव्हा तो दोन वेगळ्या गोष्टी करतो. तो कोड देतो. हा व्यवहार तिथेच पुरा होतो, कारण एकदा मिळालेली प्रत आणि तिच्यावरचे हक्क कोणी परत घेऊ शकत नाही. त्याच वेळी तो एका नावाचा ताबाही घेतो. त्या नावाखाली उद्या जी आवृत्ती निघेल ती असंख्य यंत्रांवर, पुष्कळदा कोणाच्याही नजरेखालून न जाता, थेट पोहोचते. कोड दिल्यामुळे लेखकाच्या डोक्यावर कोणतेही ऋण चढत नाही. ताब्यामुळे मात्र चढते, आणि ताबा असेपर्यंत ते राहते.

मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीवरून काढून टाकले आणि त्यावर विसंबलेल्या कितीतरी प्रकल्पांची बिल्ड (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करण्याची प्रक्रिया) अडून बसली. कोड हरवला नव्हता; तो कोणत्याही प्रोग्रामरला सहज पुन्हा लिहिता आला असता. सगळे अडले ते त्या नावापाशी काही सापडेना म्हणून. २०१८ साली इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या लेखकाने, स्वतःला त्याचा उपयोग उरला नसल्यामुळे, मदतीची तयारी दाखवणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीच्या हाती प्रकाशनाचे अधिकार सोपवले, आणि पुढे त्या व्यक्तीने कोपे या बिटकॉइन वॉलेटमधून चलन चोरण्याचा कोड आडमार्गाने आत आणला. लेखकाने ते काम सोडण्यात काहीच वावगे नव्हते. परंतु सोडणे आणि सोपवणे या निरनिराळ्या कृती आहेत, आणि दुसरीला पहिलीपेक्षा कितीतरी अधिक काळजी लागते. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या लायब्ररीच्या (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या) लेखकाने जाणूनबुजून न संपणारा लूप घातलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. मोठ्या कंपन्या आपले काम फुकट वापरतात हा त्याचा राग मला समजतो, आणि ती लायब्ररी त्याने त्याच दिवशी कायमची बंद केली असती तर मी त्याला बोल लावला नसता. पण त्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या यंत्रांत मुद्दाम बिघडवलेले काही पाठवणे याचे समर्थन मला करता येत नाही.

थोडक्यात, लेखकाने कोणाचेही काम फुकट करू नये, परंतु ताबा असेपर्यंत त्या ताब्याचा गैरवापर करू नये, तो डोळे मिटून दुसऱ्याला देऊ नये, आणि प्रकल्प जिवंत आहे की नाही ते खरे सांगावे. सदस्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

समांतर:

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. एका मध्यम आकाराच्या लायब्ररीची देखभाल मी गेली काही वर्षे फावल्या वेळात करतो, आणि आपण ज्याला छोटीशी अपेक्षा म्हणता ती या बाजूने पाहिल्यास तेवढी छोटी राहत नाही. ‘फक्त खरे सांगा’ असे म्हणताच पुढचा माणूस विचारतो की मग केव्हा सांगणार, किती आधी सांगणार, आणि दुसरा कोणी शोधून का देत नाही. नकार देणे हेही श्रमच आहेत, आणि रोज पाच जणांना सौजन्याने नाही म्हणणाऱ्याची शक्ती कुठेतरी खर्च होतच असते.

एक्सझेड युटिल्सचे उदाहरण आपण घेतले नाही, म्हणून मी घेतो, कारण या प्रश्नावर त्याच्याइतका प्रकाश दुसऱ्या कशाने पडत नाही. फायलींचा आकार कमी करणाऱ्या त्या संकुचन-लायब्ररीचा भार जवळजवळ एकट्या लेखकावर होता. २०२२ साली मेलिंग लिस्टवर काही खात्यांनी त्याच्यामागे लकडा लावला: पॅच (सुचवलेले बदल) पडून आहेत, प्रकल्प मरत चालला आहे, वेळ नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्याने आपल्या मानसिक आरोग्याच्या दीर्घकाळच्या अडचणी जाहीरपणे सांगितल्या आणि हा बिनपैशाचा छंद आहे याचीही आठवण करून दिली. आपण मागता तो प्रामाणिकपणा याहून अधिक काय असू शकतो? तरीही तगादा थांबला नाही, आणि ‘जिया तान’ या नावाने मन लावून काम करणाऱ्या एका सहकाऱ्याच्या हाती हळूहळू अधिकार गेले. २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनाने) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकसकाने पुरवला, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी ते उघडकीला आले; अन्यथा ते किती दूरवर पोहोचले असते याची कल्पना करवत नाही.

ती तगादा लावणारी खाती त्याच कटाचा भाग असावीत असे आज बहुतेक जाणकार मानतात. मला त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे की त्यांची भाषा कोणाला खटकली नाही. कितीतरी खरे वापरकर्ते नेमक्या याच भाषेत लिहितात, म्हणून हल्लेखोर त्या गर्दीत सहज मिसळून गेले. लेखक देणे लागतो ही भावना केवळ असभ्य आहे असे नाही. तिच्यामुळे सॉफ्टवेअर असुरक्षित होते.

आणि नावाच्या ताब्याबद्दल: ही जोखीम रजिस्ट्रीने उचलावी. लेफ्ट-पॅडनंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले आणि तसा प्रकार एका माणसाच्या मर्जीवर होणे अवघड झाले. व्यवस्थेतली उणीव व्यवस्थेनेच भरून काढली, त्यासाठी लेखकांच्या सदसद्विवेकाला साद घालावी लागली नाही.

स्पर्शरेषा:

या चर्चेत मी वेगळ्या बाजूने लिहीत आहे. मी दृष्टिहीन आहे आणि माझे संगणकावरचे सगळे वाचन-लेखन एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या मुक्त स्क्रीन रीडरवर चालते. २००६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पामागे आता एनव्ही ॲक्सेस ही संस्था आहे, त्यामुळे मूळ सॉफ्टवेअरची मला चिंता नाही. चिंता असते ती त्याच्या ॲड-ऑनची (जोड-प्रोग्रामांची), जी बहुतेक एकेकट्या माणसांनी लिहिलेली असतात. दरवर्षीच्या पहिल्या आवृत्तीत जुन्या ॲड-ऑनशी असलेली सुसंगती तुटू शकते, आणि २०१९.३ या आवृत्तीत एनव्हीडीए पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेले तेव्हा तर पुष्कळच ॲड-ऑन नव्याने जुळवून घ्यावी लागली.

अशा वेळी कोणी मला ‘कोड खुला आहे, फोर्क करा’, म्हणजे त्याची प्रत घेऊन स्वतः पुढे चालवा, असे सांगितले की ते तत्त्वतः बरोबर असूनही माझ्या काही उपयोगाचे नसते. मला प्रोग्रामिंग येत नाही. ज्यांना दुसरा पर्याय सहज उपलब्ध आहे त्यांच्यासाठी प्रकल्प बंद पडणे ही गैरसोय असते; माझ्यासाठी त्याचा अर्थ उद्या सकाळी कामावर एखादे काम करता येणार नाही असा होऊ शकतो.

तरीही, आणि हे मी विचारपूर्वक लिहीत आहे, त्या लेखकाने माझ्यासाठी राबत राहावे असे मला वाटत नाही. माझी गरज मोठी आहे म्हणून ती भागवण्याचे बंधन नेमके त्याच्यावरच पडावे, जो एकटाच आजवर माझ्यासाठी काही करत आला, हा न्याय मला उलटा वाटतो. ज्यांनी काहीच केले नाही ते सगळे मोकळे राहतात आणि ज्याने केले तो अडकतो. मला हवी असते ती सूचना. पुढच्या आवृत्तीसाठी हे ॲड-ऑन अद्ययावत होणार नाही, एवढे एक वाक्य वेळेत कळले तर आमच्या गटातला कोणीतरी तो कोड हाती घेतो; असे पूर्वी झालेले आहे. मौन पाळले गेले तर आम्ही वाट पाहत बसतो, आणि लेखक सध्या कामात असेल, लवकरच करील, अशा आशेवर महिने निघून जातात. समांतर, आपला मुद्दा मला पटतो, पण ‘मी थांबलो आहे’ हे सांगणे आणि तगादा सहन करणे यांत फरक करता येईल असे वाटते.

ध्रुवपद:

मी एका उत्पादन-कंपनीत सुरक्षा विभागात काम करतो, म्हणून देणे-घेण्याचा हिशेब उलट्या बाजूने मांडतो. या धाग्यावर आतापर्यंत ‘वापरकर्ता’ या एकाच शब्दाखाली स्पर्शरेषा यांच्यासारखी व्यक्ती आणि अब्जावधींची उलाढाल असलेली कंपनी अशा दोघांनाही बसवले जात आहे, आणि त्यातच बराच गोंधळ आहे.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षा-त्रुटी उघड झाली तेव्हा जगातले सुरक्षित म्हणवणारे वेब-व्यवहार मोठ्या प्रमाणावर, ती त्रुटी असलेल्या ओपनएसएसएल या लायब्ररीवर चालत होते, आणि त्या प्रकल्पाला देणगीरूपाने वर्षाला सुमारे २,००० डॉलर मिळत होते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीची त्रुटी बाहेर आली तेव्हा ती दुरुस्त करणारी मंडळी बहुतांशी स्वयंसेवक होती. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये कर्ल या इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या साधनाचे मुख्य लेखक डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीकडून लॉग४जेविषयी प्रश्नावली आली, आणि २४ तासांत उत्तरे देण्यास सांगण्यात आले. कर्लचा लॉग४जेशी संबंधच नव्हता. साहाय्याचा करार करा, मग आनंदाने उत्तरे देतो, असे त्यांनी कळवले. ते उत्तर आमच्या क्षेत्रात पुष्कळांना उद्धट वाटले. मला ते पूर्णपणे योग्य वाटले. ज्याच्याशी करार नाही, ज्याला कधी एक पैसा दिला नाही, त्याला पुरवठादार समजून मुदत घालून देणे हा सुरक्षा-व्यवस्थापनाचा भाग असू शकत नाही.

कायद्याने तरी हा प्रश्न आता बराचसा निकालात काढला आहे, निदान युरोपात. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी लागू झाला आणि त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून अमलात येतील. त्यात सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचे बंधन डिजिटल उत्पादन बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर आहे, आणि साहाय्याचा कालावधी सर्वसाधारणपणे किमान ५ वर्षांचा आहे. व्यापारी हेतूशिवाय दिलेले मुक्त सॉफ्टवेअर त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. अशा सॉफ्टवेअरचा सांभाळ करणाऱ्या फाउंडेशनसारख्या संस्थांसाठी वेगळा, सौम्य वर्ग केला आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची तरतूद: उत्पादकाला आपण वापरलेल्या मुक्त घटकात त्रुटी आढळली तर त्याने ती त्या घटकाच्या देखभालकर्त्याला कळवायची आहे, आणि दुरुस्ती केली असेल तर तिचा कोडही द्यायचा आहे. ऋण आहेच, पण ते विकणाऱ्याच्या माथी आहे.

स्वल्पविराम:

एक गोष्ट राहून जाते आहे. काही लेखक स्वतःहून शब्द देतात. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या संकेतस्थळावर २०५० सालापर्यंत साहाय्य देण्याचा मानस लिहिलेला आहे, आणि त्यामागे पैसे देणाऱ्या सभासद-कंपन्यांचे कन्सोर्टियम आहे. पायथन २ ची अखेर आधी २०१५ साली ठरली होती, ती २०२० पर्यंत लांबवण्यात आली आणि १ जानेवारी २०२० ला ती खरोखर झाली. जिथे असा शब्द दिलेला आहे तिथे तो पाळण्याचे बंधन आहेच, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत. उलट टोकाचे उदाहरण ट्रूक्रिप्ट या फायली कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरचे. मे २०१४ मध्ये त्याच्या पानावर अचानक एवढेच झळकले की हे वापरणे सुरक्षित नाही, दुसऱ्या साधनाकडे वळा. नेमके काय बिघडले ते कोणाला समजले नाही, आणि ज्यांची गोपनीय कागदपत्रे त्यात बंद होती ते महिनोन्‌महिने तर्क लढवत राहिले. सांगणे पुरेसे नाही. निर्णय घेता येईल इतके तरी सांगावे.

अक्षांश (धागाकर्ता):

सर्व प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ध्रुवपद यांनी केलेला भेद मला अत्यावश्यक वाटतो. माझा लेख लेखकाच्या बाजूने किती ऋण आहे एवढ्यापुरता होता, त्याला ही दुसरी बाजू जोडल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

समांतर, आपल्या आक्षेपावर बराच विचार केला. रजिस्ट्रीने बराच भार उचलावा हे मान्य. परंतु एक्सझेडमध्ये कोणतीही रजिस्ट्री काही करू शकली नसती, कारण अधिकार रीतसर, वर्षभराहून अधिक काळ चाललेल्या प्रामाणिक भासणाऱ्या कामानंतर दिले गेले होते. तिथे लेखकाला दोष देणे क्रूर ठरेल. माझ्या म्हणण्याचा रोख त्याच्याकडे नाही, तर त्याला ‘सोपवा’ म्हणणाऱ्यांकडे आहे. प्रकल्प जसा आहे तसा थांबवणे हा पूर्णतः प्रतिष्ठित पर्याय आहे, हे जर सगळ्यांनी मानले असते, तर त्याच्यावर सोपवण्याचे दडपणच आले नसते. घाईने वारस नेमण्यापेक्षा कुलूप लावणे केव्हाही बरे, आणि ज्याला पुढे न्यायचे असेल त्याने वेगळ्या नावाने फोर्क करावा. मग त्या नव्या नावावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रत्येकाला नव्याने ठरवता येते. नेमका हाच निर्णय जुने नाव सोपवल्यामुळे वापरकर्त्याच्या हातून जातो.

डेबियन या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीच्या प्रकल्पाची घडण मला या दृष्टीने फार शहाणपणाची वाटते. १९९७ सालच्या सामाजिक करारात ती मंडळी सांगतात की आमचे अग्रक्रम आमचे वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर हे आहेत, आणि आम्ही अडचणी लपवणार नाही. त्याच डेबियनच्या घटनेत असेही म्हटले आहे की प्रकल्पासाठी काम करण्याचे बंधन कोणावरही नाही. वरवर पाहता ही दोन विधाने एकमेकांना छेद देतात. परंतु ज्याला पॅकेज सांभाळणे जमत नाही तो ते रीतसर अनाथ घोषित करतो, तशी नोंद सर्वांना दिसेल अशा यादीत होते, आणि कोणी दत्तक घेतले तर ठीक, नाहीतर ते यथावकाश वगळले जाते. काम सोडणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

अलीकडचे उदाहरण लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल फायली वाचणाऱ्या लायब्ररीचे. जून २०२५ मध्ये तिच्या एकट्या देखभालकर्त्याने जाहीर केले की यापुढे सुरक्षा-त्रुटी गुप्त ठेवून मुदतीत दुरुस्त करण्याची पद्धत आपण पाळणार नाही. त्या इतर बगप्रमाणेच उघड नोंदल्या जातील आणि वेळ मिळेल तेव्हा पाहिल्या जातील. अनेकांना धक्का बसला. माझ्या मते त्याने आपले सगळे देणे त्या एका निवेदनाने चुकते केले, कारण त्यानंतर ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपण कशावर उभे आहोत हे नेमके ठाऊक झाले.

समांतर:

थांबणे हा प्रतिष्ठित पर्याय आहे, हे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. मतभेद एवढाच उरतो की जो आजारी आहे, किंवा इतका थकला आहे की त्याला रिपॉझिटरीचे (प्रकल्पाचा कोड ठेवलेल्या जागेचे) पान उघडवत नाही, त्याने सूचनाही दिली नाही तर मी त्याला कर्तव्यच्युत म्हणणार नाही. त्यावर उपाय म्हणून सूचना आधीच लिहून ठेवता येईल. प्रकल्प धडधाकट असतानाच रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) असे लिहावे की हे काम फावल्या वेळात चालते, उत्तराची हमी नाही, आणि ६ महिने कोणतीही हालचाल दिसली नाही तर प्रकल्प थांबला आहे असे समजावे. मग शेवटी काही बोलण्याची शक्ती नसली तरी ते बोलून झालेले असते. माझ्या लायब्ररीत मी हा मजकूर या आठवड्यात घालणार आहे.

स्पर्शरेषा:

समांतर, हा तोडगा फार चांगला आहे. त्यात एकच भर घालावी अशी विनंती करते. माझ्यासारखे बहुतेक लोक रिपॉझिटरीपर्यंत कधी पोहोचतच नाहीत. आम्हाला ॲड-ऑन स्टोअरमधले वर्णन तेवढे वाचायला मिळते. तेव्हा तोच मजकूर तिथेही असावा. प्रोग्रामरांसाठीही अशी सोय दिसते: एनपीएमवर पॅकेज डेप्रिकेट (यापुढे वापरू नये असे घोषित) केले की ते बसवताना तसा संदेश येतो, आणि पायथनच्या पायपीआय या रजिस्ट्रीवर जानेवारी २०२५ पासून प्रकल्प संग्रहित म्हणून घोषित करता येतो. आमच्या स्टोअरमध्ये अशी खूण नसेल तर ती सुचवणारा इश्यू मी स्वतः नोंदवते. कोड लिहिता येत नसला तरी तेवढे मला करता येईल.